तिसऱ्या दिवसाचा प्रश्न: रुग्णालयात अँटिबायोटिक जपून वापरण्यासाठी मोबाइल ॲप कसं उभं करावं

रुग्णालयात अँटिबायोटिक सुरू होतं ते बहुतेक वेळा रात्री, घाईत आणि अपुऱ्या माहितीवर. त्यात गैर काही नाही. बीपी पडलेल्या, धाप लागलेल्या रुग्णासमोर कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टची वाट पाहत बसता येत नाही. घोळ होतो तो पुढे. तिसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो, रिपोर्ट लॅबमध्ये तयार असतो, तरीही ट्रीटमेंट चार्टवर कालच्याच ओळी आज पुन्हा उतरवल्या जातात. हे औषध कशासाठी, किती दिवस आणि बंद कधी, याचं उत्तर केसपेपरवर सापडत नाही.

अँटिबायोटिकसाठी निघालेली बहुतेक मोबाइल ॲप पहिल्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर देतात: कोणतं औषध, किती डोस. ते हवंच. पण माझं ठाम मत असं, की तिसऱ्या दिवशी जे ॲप उघडलं जात नाही ते रुग्णालयाच्या फार उपयोगाचं नाही. म्हणून हा लेख त्या दिवसाभोवती बांधला आहे. १०० ते ३०० खाटांचं, स्वतःचा मोठा आयटी विभाग नसलेलं, जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावातलं रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. भरती असलेल्या रुग्णांपैकी ७१.९ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. त्यातही निम्म्याहून जास्त वापर, ५५ टक्के, संसर्ग झाला म्हणून नव्हे तर होऊ नये म्हणून होता. आणि उपचारासाठी दिलेल्यांत नक्की जंतू कळल्यावर दिलेलं औषध फक्त ६ टक्के. जगाचा हिशेब यापेक्षा गंभीर आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात थेट १२.७ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र पाठवून अँटिबायोटिक लिहिताना त्याचं कारणही लिहा, असं सांगितलं. आपल्या ॲपची पहिली ओळ त्या पत्रातूनच घेता येते.

आधी मालक ठरवा, मग ॲप

ॲप कोणतं घ्यायचं यावर महिनोन्‌महिने चर्चा होते आणि ते सांभाळणार कोण हे कोणीच विचारत नाही. क्रम उलटा हवा. एक छोटी टीम बनवा: एक फिजिशियन, एक सर्जन, मायक्रोबायोलॉजिस्ट, फार्मासिस्ट, संसर्ग नियंत्रण पाहणारी सिस्टर आणि एक रेसिडेंट किंवा आरएमओ (निवासी डॉक्टर). शेवटचा माणूस सर्वांत महत्त्वाचा, कारण रात्री दोन वाजता ॲप तोच उघडणार आहे. मायक्रोबायोलॉजिस्ट पूर्णवेळ नसेल, बाहेरच्या लॅबकडे नमुने जात असतील, तर त्या लॅबच्या तज्ज्ञाला महिन्यातून एकदा फोनवर घ्या.

मजकूर बदलण्याचा अधिकार मात्र एकाच माणसाकडे ठेवा आणि त्याच्या गैरहजेरीत कोण, हेही ठरवून टाका. वैद्यकीय अधीक्षकांच्या किंवा संचालकांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र काढून घ्या: रुग्णालयाचं अँटिबायोटिक धोरण हे, ते ॲपमध्ये आहे, आणि त्याची जबाबदारी या टीमची. हे पत्र नसेल तर पहिल्या मतभेदात सगळं थांबतं.

स्वतःच्या लॅबचे आकडे

आपल्याकडच्या लघवीच्या संसर्गात सापडणारा ई. कोलाय कोणत्या औषधाला दाद देतो, हे पुण्याच्या किंवा दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकड्यांवरून ठरवू नका. तिथे येणारा रुग्ण आधीच चार ठिकाणी फिरून, तीन अँटिबायोटिक घेऊन आलेला असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, दरवर्षी प्रतिरोधाचा, म्हणजे जंतू औषधांना न जुमानण्याचा, अहवाल काढते. तो उत्तम आहे, पण त्यातली माहिती मुख्यतः अशाच मोठ्या संस्थांतून येते. ती जशीच्या तशी तालुक्याला लावली, तर साध्या रुग्णालाही मेरोपेनेमसारखं जबर औषध द्यावंसं वाटू लागेल आणि भीतीपोटीच प्रतिरोध वाढवला जाईल.

म्हणून आपला अँटिबायोग्राम काढा, म्हणजे कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो याचा तक्ता. लॅबकडून गेल्या बारा महिन्यांचे कल्चरचे निकाल एक्सेलमध्ये मागवा. ‘हूनेट’ हे जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेलं मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. तीन नियम पाळा. एका रुग्णाचा एक जंतू वर्षातून एकदाच मोजा, पहिल्या नमुन्यातला. नाहीतर महिनाभर आयसीयूत राहिलेला एकच रुग्ण सगळं चित्र बिघडवतो. ज्या जंतूचे ३० पेक्षा कमी नमुने आहेत त्याची टक्केवारी छापू नका. दोन वर्षं एकत्र करा किंवा शेजारच्या रुग्णालयाबरोबर आकडे जोडा. आणि आयसीयू, वॉर्ड, ओपीडी हे वेगळे ठेवा. लघवीचे नमुनेही वेगळे, कारण लघवीत चालणारं नायट्रोफ्युरँटॉइन रक्तातल्या संसर्गात उपयोगाचं नाही.

आकडे पुरेसे नसतील तर काम थांबवू नका. आयसीएमआरची २०१९ ची उपचार मार्गदर्शक तत्त्वं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं ‘अवेअर’ पुस्तक हा पाया धरा, आणि आपले नमुने जमतील तसा तो बदला.

‘अवेअर’ थोडं समजून घ्यावं लागेल. २०१७ पासून या संघटनेने अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत: ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अमॉक्सिसिलिन, सेफाझोलिन, डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन हे ॲक्सेसमध्ये, म्हणजे आधी हात जावा अशी औषधं. सेफ्ट्रिॲक्सोन, ॲझिथ्रोमायसिन, मेरोपेनेम, पिप-टॅझ (पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम) वॉचमध्ये, म्हणजे जपून वापरायची. कोलिस्टिन, लिनेझोलिड रिझर्व्हमध्ये, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखलेली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी ठरवलं, की २०३० पर्यंत माणसांसाठीच्या अँटिबायोटिक वापरात किमान ७० टक्के वाटा ॲक्सेस गटाचा असावा. वर सांगितलेल्या २० रुग्णालयांत तो ३८ टक्के होता, वॉचचा ५७. ॲपमध्ये प्रत्येक औषधाच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका ठेवा. त्याला फारसा खर्च नाही, पण लिहिणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे त्या क्षणी दिसतं.

बारा पानं पुरतात

दोनशे पानांचं धोरण कोणी वाचत नाही. आपल्याकडे भरती होणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांना झाकतील असे दहा-बारा आजार निवडा: बाहेरून झालेला न्यूमोनिया, रुग्णालयात झालेला न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, त्वचेचा आणि मधुमेही पायाचा संसर्ग, पोटातला संसर्ग, सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं), मेंदूज्वर, प्रसूतीनंतरचा ताप, नवजात बाळाचा सेप्सिस, शस्त्रक्रियेआधीचा डोस, आणि आपल्याकडे एक पान हवंच, पावसाळी ताप.

प्रत्येक पानाचा क्रम एकच ठेवा. अँटिबायोटिक हवं का? पहिल्या डोसआधी कोणते नमुने घ्यायचे? औषध, डोस, मार्ग. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर काय? तिसऱ्या दिवशी काय पाहायचं? एकूण किती दिवस? क्रम एकच असला की रात्री झोपेतून उठलेल्या माणसाचा अंगठा आपोआप योग्य ठिकाणी जातो.

पहिला प्रश्न मुद्दाम पहिला ठेवला आहे. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आले पण रुग्णाला जळजळ नाही, ताप नाही, तर गरोदर स्त्री आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणारा रुग्ण सोडले तर औषध लागत नाही. पानाच्या डोक्यावर हे एक वाक्य असलं तरी कॅथेटर लावलेल्या कित्येक वृद्धांची इंजेक्शनं वाचतात.

पावसाळी तापाचं पान कसं असावं ते सविस्तर सांगतो, कारण परदेशी ॲपमध्ये ते तयार मिळत नाही आणि कोकण, गोवा, मुंबईपासून विदर्भापर्यंत जून ते नोव्हेंबर याच तापाने वॉर्ड भरतात.

वरच पहिली ओळ: डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी आधी. डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह, रुग्ण स्थिर, तर अँटिबायोटिक नाही. प्लेटलेट कमी झाल्या हे अँटिबायोटिकचं कारण नाही, हे वाक्य ठळक अक्षरात लिहा. दुसरी ओळ विचारण्याची: भातशेतीत, चिखलात, पुराच्या पाण्यात उतरला होता का? पायाला जखम होती का? डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, लघवी कमी झाली, कावीळ दिसते? लेप्टोस्पायरोसिस धरून चला. सौम्य आजारात प्रौढाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. तीव्र आजारात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन. तिसरी ओळ शोधण्याची: काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनांखाली काळी खपली आहे का? ती सापडली तर स्क्रब टायफस. खपली न सापडल्याने तो नाही असं मात्र ठरत नाही. इथे सेफ्ट्रिॲक्सोन कामाचं नाही, कारण हा जंतू पेशीच्या आत राहतो. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन द्या, गरोदरपणात ॲझिथ्रोमायसिन. तीव्र स्क्रब टायफसमध्ये शिरेतून ही दोन्ही औषधं एकत्र दिलेली एकेकट्यापेक्षा सरस ठरतात, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातच झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवलं. चौथी ओळ: विषमज्वराचा संशय असेल तर विडाल या रक्तचाचणीवर विसंबू नका, पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर काढा, सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे आता भरवशाचं राहिलेलं नाही.

एवढं एक पान नीट बसलं तरी ‘ताप आहे, सेफ्ट्रिॲक्सोन लावा’ या सवयीला उत्तर मिळतं.

न्यूमोनियाच्या पानावर एक सूचना विसरू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटलेलं, रात्रीचा घाम असेल तर लिव्होफ्लॉक्सासिन टाळा आणि आधी थुंकीची टीबीसाठी तपासणी पाठवा. या गटाची औषधं टीबीवरही अर्धवट चालतात. रुग्णाला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं.

शस्त्रक्रियेच्या पानावर थोडंच लिहा. बहुतेक स्वच्छ शस्त्रक्रियांसाठी सेफाझोलिन २ ग्रॅम, चिरा देण्याआधी ६० मिनिटांच्या आत. शस्त्रक्रिया ४ तासांपुढे गेली तर पुन्हा एक डोस. नंतर काही नाही. टाके काढेपर्यंत गोळ्या देण्याची पद्धत सगळ्यात घट्ट रुजलेली असते, म्हणून हे पान सर्जननेच लिहावं आणि त्यावर त्याचंच नाव असावं. स्टोअरमध्ये सेफाझोलिन आहे का, हे आधी पाहा. बऱ्याच ठिकाणी ते मागवलेलंच नसतं. जे औषध रात्री फार्मसीत मिळणार नाही ते ॲपमध्ये लिहिलं की माणसांचा ॲपवरचा विश्वास उडतो.

कोणतं ॲप

तीन वाटा आहेत. पहिली, तयार आणि मोफत. ‘अवेअर’ पुस्तक २०२२ मध्ये आलं, त्यात तीसहून अधिक नेहमीच्या संसर्गांची माहिती आहे आणि ते मोबाइलवरही मिळतं. उद्यापासून सुरुवात करायची असेल तर हे घ्या. दुसरी वाट म्हणजे आपला मजकूर भरता येईल असा तयार मंच. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ‘मायक्रोगाइड’ वर्षानुवर्षं असंच वापरलं गेलं; त्याच मंचावर घाना, टांझानिया, युगांडा आणि झांबियासाठी राष्ट्रकुलाच्या भागीदारीतून एक ॲप तयार झालं. कॅनडातलं ‘फर्स्टलाइन’ याच जातीचं. यांना वर्गणी लागते. तिसरी वाट स्वतःची: फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारी आणि नेटवर्क नसतानाही चालणारी साधी वेबसाइट. संगणक शिकलेला एखादा होतकरू तरुण ती थोड्या काळात बनवून देतो. माझा कल बारा पानांसाठी या तिसऱ्या वाटेकडे आहे, पण अट एकच: तो तरुण गाव सोडून गेला तरी मजकूर बदलता आला पाहिजे.

वाट कोणतीही असो, काही गोष्टींवर तडजोड करू नका. नेटवर्कशिवाय चाललं पाहिजे. तळमजल्यावरच्या आयसीयूत आणि ओटीत रेंज नसते. जुन्या, स्वस्त अँड्रॉइड फोनवर उघडलं पाहिजे. दोन वेळा बोट टेकवून पानापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. प्रत्येक पानावर शेवटच्या बदलाची तारीख दिसली पाहिजे. जाहिरात नको. आणि औषध कंपनीचा पैसा अजिबात नको, मग तो कितीही सभ्यपणे देऊ केलेला असो. ज्या कंपनीचा एमआर दुपारी दारात उभा असतो तिच्या खर्चाने बनलेल्या ॲपवर कोणता रेसिडेंट मनापासून विश्वास ठेवील?

पीडीएफ करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरा. सहा महिन्यांनी धोरण बदलतं आणि अर्ध्या फोनमध्ये जुनीच फाइल राहते. आता संभाषण करणाऱ्या एआय सेवांना डोस विचारण्याचीही सवय लागते आहे. त्यांना आपला अँटिबायोग्राम माहीत नसतो, आपलं स्टोअर माहीत नसतं, आणि चुकीचा आकडाही त्या तितक्याच आत्मविश्वासाने देतात. डोस ॲपमधूनच घ्यायचा, हा नियम लेखी ठेवा.

किडनीचं गणित

कॅल्क्युलेटर असावा, पण तपासून. किडनी रक्त किती वेगाने गाळते याचं कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र असं: १४० वजा वय, गुणिले किलोतलं वजन, भागिले (७२ गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन), स्त्री असेल तर येईल त्याला ०.८५ ने गुणायचं. ६८ वर्षांची, ५० किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन १.६. नुसता १.६ आकडा पाहून फारसं कोणी दचकत नाही. गणित केलं तर ७२ गुणिले ५० म्हणजे ३६००, भागिले ११५.२, उत्तर ३१.२५, आणि ०.८५ ने गुणून जेमतेम २७ मिलिलिटर प्रतिमिनिट. मेरोपेनेमपासून लिव्होफ्लॉक्सासिनपर्यंत अनेक औषधांचा डोस इथे बदलतो.

दोन सूचना कॅल्क्युलेटरच्या खालीच हव्यात. पहिला डोस किडनी पाहून कमी करायचा नाही. तो पूर्ण द्यायचा. आणि सेप्सिसमध्ये क्रिएटिनिन अचानक चढलेलं असेल तर हे सूत्र विश्वासार्ह नसतं. सलाइन, बीपी सावरल्यावर पुष्कळदा किडनी दोन दिवसांत सुधारते, म्हणून घाईने डोस उतरवून ठेवला तर रुग्णाला ऐन गरजेच्या वेळी औषध कमी पडतं.

फार्मासिस्टने वेगवेगळ्या वयाच्या, वजनाच्या दहा काल्पनिक रुग्णांची गणितं हाताने करून ॲपच्या उत्तरांशी जुळवावी आणि तो कागद सही करून फाइलला लावावा. २०२० पासून भारतात वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येतं. नुसती मार्गदर्शक पानं एक गोष्ट, रुग्णाची माहिती घेऊन निर्णय सुचवणारं साधन दुसरी. दुसऱ्या प्रकारात शिरायचं असेल तर आधी नियामक बाजू जाणणाऱ्या माणसाचा सल्ला घ्या.

तिसरा दिवस

अँटिबायोटिक सुरू करताना चार गोष्टी चार्टवर येतील असं करा: कारण, सुरू केल्याची तारीख, कल्चर घेतलं का, आणि आढाव्याची तारीख. ॲपमध्ये आढाव्याचं एक बटण ठेवा. त्यात रुग्णाचं नाव नाही, फक्त वॉर्ड, बेड नंबर आणि सुरू केल्याची वेळ. ४८ तासांनी फोन आठवण देतो. हे जमत नसेल तर सिस्टरच्या चार्टवर तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात आधीच लाल चौकट छापून घ्या. ती चौकट दिसली की ॲपमधलं आढाव्याचं पान उघडलं जाईल.

त्या पानावर निर्णय पाचच. ब्रिटनमध्ये २०११ पासून ‘स्टार्ट स्मार्ट, देन फोकस’ या नावाने असाच आढावा चालतो. त्यातल्या पर्यायांना थोडा आपल्या सोयीचा आकार दिला आहे. बंद करा. शिरेतून तोंडावाटे आणा. कमी पल्ल्याच्या, म्हणजे मोजक्याच जंतूंवर चालणाऱ्या, औषधावर या. बदला. किंवा तेच चालू ठेवा, पण शेवटची तारीख लिहून.

बंद करणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून त्याचे निकष स्पष्ट लिहा. कल्चर निगेटिव्ह, रुग्ण सुधारतो आहे आणि तापाचं दुसरं कारण सापडलं आहे, उदाहरणार्थ डेंग्यू किंवा मलेरिया, तर आजच बंद. मात्र कल्चर अँटिबायोटिकचा पहिला डोस गेल्यावर घेतलं असेल तर त्याच्या निगेटिव्ह असण्याला फारसा अर्थ नाही. म्हणूनच नमुना आधी, डोस नंतर, आणि सेप्सिसमध्ये या दोन्हींच्या मध्ये मिनिटांचंच अंतर.

गोळीवर आणण्यासाठी: २४ तास ताप नाही, बीपी स्थिर, उलटी नाही, गिळता येतं, आणि संसर्ग मेंदूज्वर किंवा हृदयाच्या झडपांचा नाही. मेट्रोनिडाझोल, डॉक्सिसायक्लिन, लिनेझोलिड, को-ट्रायमोक्साझोल, लिव्होफ्लॉक्सासिन ही तोंडावाटे घेतली तरी जवळपास पूर्ण रक्तात पोहोचतात. सलाइन निघालं की हाताच्या शिरेची सूज टळते, रुग्ण चालू लागतो, नातेवाइकांचा खर्च वाचतो.

कमी पल्ल्यावर येताना ॲपने एक जोडी पकडली पाहिजे: मेरोपेनेम आणि मेट्रोनिडाझोल एकत्र. मेरोपेनेम ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंवर स्वतःच पुरेसं आहे. अमिबाचा संशय किंवा क्लॉस्ट्रिडियमचे जुलाब असं वेगळं कारण नसेल तर दुसरं औषध कशाला? पिप-टॅझबरोबरही तेच.

किती दिवस, याबद्दल गेल्या दहा वर्षांत पुरावा खूप बदलला आहे, आणि हे पान अद्ययावत ठेवणं हेच ॲपचं छापील पुस्तकापेक्षा मोठेपण. सुधारत असलेल्या रुग्णाचा बाहेरून झालेला न्यूमोनिया ५ दिवस. पोटातला पू नीट काढला असेल तर त्यानंतर ४ दिवस, हे २०१५ च्या चाचणीत दिसलं. रक्तातल्या संसर्गावर ७ दिवस आणि १४ दिवस यांची तुलना ३,६०० हून अधिक रुग्णांत झाली. २०२४ मध्ये आलेल्या त्या ‘बॅलन्स’ चाचणीत ७ दिवस कमी पडले नाहीत. तिच्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण नव्हते. रक्तात तो सापडला तर किमान १४ दिवस, आणि तज्ज्ञाला फोन केल्याशिवाय निर्णय नको. असे अपवाद पानावर नियमाइतक्याच मोठ्या अक्षरात हवेत.

आता खरी अडचण. निर्णय दिसतो, पण घेणार कोण? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजशी जोडलेल्या रुग्णालयांत २०११ मध्येच अँटिबायोटिक धोरणाचं स्मार्टफोन ॲप आलं. तिथल्याच संशोधकांनी वॉर्डात बसून पाहिलं तेव्हा दिसलं, की औषध लिहिण्याला एक अलिखित शिष्टाचार असतो. कनिष्ठ डॉक्टर वरिष्ठाने सुरू केलेलं औषध, धोरण काही म्हणो, सहसा बदलत नाही. आपल्याकडे ‘सरांनी लावलंय’ या दोन शब्दांवर चर्चा संपते. ॲप त्या रेसिडेंटला बळ देऊ शकतं, पण एका अटीवर: सरांनीच आधी त्या पानावर सही केलेली असली पाहिजे. म्हणून प्रत्येक पानावर त्या विभागाच्या प्रमुखाचं नाव ठेवा. मग राऊंडवर वाक्य बदलतं. ‘सर, बेड बाराचा आज तिसरा दिवस. कल्चर निगेटिव्ह आहे, ताप नाही. आपल्या पानाप्रमाणे बंद करता येईल. करू का?’ हे विचारणं रेसिडेंटला जड गेलं तर इंचार्ज सिस्टरने विचारावं. अनुभवी सिस्टरचा प्रश्न टाळणं कुणालाही सोपं नसतं, आणि तिला हे पान दाखवून, शिकवून ठेवणं हा माझ्या मते सगळ्या योजनेतला सर्वांत फलदायी तास आहे.

ज्या डॉक्टरला नियम मोडायचा आहे त्याला मोडू द्या, पण कारण एका ओळीत लिहायला सांगा. अडवणूक केली की लोक ॲप बाजूला ठेवतात. कारणं साठली की त्यातली काही खरी निघतात आणि पान सुधारतं.

वॉर्डात उतरवताना

एका वॉर्डपासून सुरू करा, शक्यतो ज्या वॉर्डाचा प्रमुख मनापासून बरोबर आहे तिथून. क्यूआर कोड ट्रीटमेंट ट्रॉलीवर आणि डॉक्टरांच्या टेबलावर चिकटवा. शिकवणं राऊंडवरच, खऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर. सभागृहातल्या व्याख्यानाने हात वळत नाहीत.

रुग्णाशेजारी फोन काढला की नातेवाइकांना वाटतं डॉक्टर व्हॉट्सॲप बघतात. एक वाक्य बोला: ‘मावशी, औषधाचा डोस तपासून घेतोय.’ फोन ७० टक्के अल्कोहोलने पुसा, हात त्याआधी आणि नंतर स्वच्छ करा, विलगीकरणाच्या खोलीत फोन नेऊ नका. रुग्णाच्या जखमेचा किंवा नावासह रिपोर्टचा फोटो खासगी फोनमध्ये राहता कामा नये. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे.

मोजायचं काय

किती जणांनी ॲप डाउनलोड केलं हा आकडा दाखवायला चांगला, कामाचा नाही. दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवा आणि त्या सकाळी भरती असलेल्या प्रत्येक रुग्णाचा चार्ट पाहा. कारण लिहिलं आहे का? कल्चर पहिल्या डोसआधी गेलं का? औषध आपल्या पानाप्रमाणे आहे का? तिसऱ्या दिवशी आढाव्याची नोंद आहे का? शस्त्रक्रियेनंतर २४ तासांपुढे प्रतिबंधक डोस चालू आहे का? ‘एपिकलेक्ट५’ किंवा ‘कोबो टूलबॉक्स’ ही मोफत साधनं नेटवर्क नसतानाही फोनवर नोंदी घेतात. ॲप सुरू करण्याआधी एकदा ही पाहणी कराच, नाहीतर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

मोठ्या औषधांसाठी उपचारदिवस मोजा. ४० खाटांचा वॉर्ड महिनाभर भरलेला असेल तर रुग्णदिवस १२००. त्या महिन्यात सगळ्या रुग्णांचे मिळून मेरोपेनेमचे ८४ दिवस झाले, तर दर हजार रुग्णदिवसांमागे ७०. हा आकडा खाली येताना मृत्यू, आयसीयूत हलवलेले रुग्ण आणि महिन्याच्या आत पुन्हा भरती झालेले रुग्ण वाढत नाहीत ना, हे त्याच तक्त्यात शेजारी ठेवा. सर्जन आणि फिजिशियन दोघांचीही भीती याच प्रश्नाची असते, आणि ती रास्त आहे. निकाल युनिटच्या नावाने दाखवा, डॉक्टरच्या नावाने नको.

तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर ॲपला आणखी सोयी जोडू नका. आढाव्याच्या वेळी वॉर्डात कोण असतं ते पाहा. रिपोर्ट लॅबमध्ये सकाळी अकराला तयार होऊन वॉर्डात संध्याकाळी सहाला पोहोचत असेल, तर लॅबने पॉझिटिव्ह कल्चर फोनवर कळवायची व्यवस्था लावा. तो एक फोन बाकी साऱ्या सुधारणांपेक्षा जास्त काम करील. प्रत्येक पानाला सहा महिन्यांची मुदत घाला. मुदत संपली की पानाच्या डोक्यावर पिवळी पट्टी दिसावी आणि टीमला ते पुन्हा तपासावंच लागावं.

डिस्चार्ज कार्ड

घरी जाताना नेहमीच्या सवयीने ‘५ दिवस’ लिहिलं जातं आणि रुग्णालयातले दिवस कोणी मोजत नाही. ॲपच्या आढावा पानावर शेवटची तारीख असतेच. कार्डावर दिवसांऐवजी तीच तारीख लिहा. एकूण ७ दिवस ठरले आणि ४ झाले, तर गोळ्या ३ दिवसांच्याच द्या, फार्मसीला तेवढ्याच मोजून द्यायला सांगा, आणि रुग्णाला मराठीत लिहून द्या: ‘अमुक तारखेनंतर ही गोळी बंद. उरल्या तर दुसऱ्या कोणाला देऊ नका. ताप परत आला तर स्वतःहून सुरू करू नका, या नंबरवर फोन करा.’ तो नंबर रात्रीही उचलला जाणारा असावा.